चेहरा सरळच हवा का?

गळ्यातल्या आयकार्डवरचा तुमचा फोटो आठवा. मान ताठ, दोन्ही कान दिसतायत, हसू गायब. पासपोर्टचंही तेच. सरकार असो की एचआर, सगळ्यांना आपण असेच सरळ हवे असतो. मग एखाद्या शनिवारी आर्ट गॅलरीत एफ. एन. सुझाचं ‘डोकं’ समोर येतं. डोळे थेट कपाळात, गालांवर जखमेसारख्या रेघा, दात बाहेर. पहिली रिअ‍ॅक्शन ठरलेली : ‘हे काय यार, असलं तर माझा भाचापण काढेल!’

पण हा माणूस होता तरी कुठला? जन्म १९२४, गोव्यातलं साळगाव. म्हणजे पोर्तुगीज राज्य. लहानपणी देवी आल्या, त्यातून वाचला, म्हणून आईच्या नवसापायी नावात सेंट झेवियरचं ‘फ्रान्सिस’ आलं. शिक्षण ब्रिटिशांच्या मुंबईत. १९४५ मध्ये राजकीय चळवळीपायी जे. जे.मधून हकालपट्टी. १९४७ मध्ये रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे यांच्यासोबत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप. १९४९ ला लंडन, १९६७ ला न्यूयॉर्क. २००२ मध्ये मृत्यू, तो मात्र मुंबईत. देश स्वतंत्र झाला तेव्हा त्याचं गाव झालंच नव्हतं. त्यासाठी १९६१ उजाडलं.

अशा माणसाने भारतीय चेहरा कॅलेंडरवरच्यासारखा गुळगुळीत काढायचा? त्याच्या चित्रांत चर्चमधले संत आहेत, देवळांतली शिल्पं आहेत, पिकासोही आहे. आता प्रत्येक वाकडं नाक म्हणजे देशावर कॉमेंट, असंही नाही. सुझाचा राग बऱ्याचदा चर्चवर आणि ढोंगी प्रतिष्ठितांवर होता. पण एकाच चेहऱ्यात इतकं सगळं कोंबलं, की तो सरळ राहणार कसा?

आणि हे फक्त गोव्याचं नाही. हिंगोलीकडचे एखादे आजोबा घ्या. जन्म निजामाच्या हैदराबाद संस्थानात. भारतात आले सप्टेंबर १९४८ मध्ये, मुंबई राज्यात १९५६ ला, महाराष्ट्रात १९६० ला. १९९९ मध्ये परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. घर तेच, अंगण तेच, पत्ता मात्र बदलत राहिला. त्यांचा नातू आज हिंजवडीत बसतो आणि ‘गाव कुठलं?’ विचारलं की ‘नांदेडजवळ’ म्हणून मोकळा होतो. काढा बरं यांचा एक सरळ पोर्ट्रेट!

वाकडं चित्र म्हणजे देशाचा अपमान, हा हिशेब आपल्याला महागात पडलाय. पंढरपूरला जन्मलेल्या हुसेनना २००६ मध्ये देश सोडावा लागला. दिल्ली हायकोर्टाने २००८ मध्ये खटले रद्द केले, तरी ते परतले नाहीत. २०११ मध्ये लंडनमध्येच गेले.

सो, पुढच्या वेळी असा चेहरा दिसला, की ‘सुंदर आहे का?’ हा प्रश्न दोन मिनिटं बाजूला ठेवा. यातलं काय काय एकमेकांशी जुळत नाहीये, ते शोधा. मग आपल्या घरचे अल्बम उघडा. तिथेही बरंच काही जुळत नसतं. फोटोग्राफरने फक्त ‘हनुवटी वर’ म्हटलेलं असतं.