सेट झालास का?

परवा एका लग्नात पंगतीला बसलो होतो. शेजारी ओळखीचा एक पोरगा, कॉलेजात मराठी शिकवतो. समोरच्या काकांनी जिलेबी मोडता मोडता त्याला विचारलं, "काय रे, सेट झालास का नाही?"

"हो काका, चार वर्षं झाली."

"अरे वा! मग आता पुढचा बार तुझाच!"

पोरगा नुसता हसला. काका नोकरीचं विचारत होते, पोरगा परीक्षेचं सांगत होता.

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत या एका 'सेट'चे चारशेच्या वर अर्थ आहेत म्हणे. आपणही काही कमी नाही. कपबशांचा सेट, विहिरीवरचा पंपसेट, नाटकाचा सेट, फ्रीजमध्ये सेट झालेलं दही. आणि सगळ्यात चालणारी ती 'सेटिंग'.

राज्याची सेट परीक्षा पुणे विद्यापीठ घेतं. दोन्ही पेपर देणाऱ्यांपैकी साधारण सहा टक्केच पात्र ठरतात. शंभरात सहा! एवढं करून पदरात काय, तर तासिका तत्त्व. तास घेतला तर पैसे. उन्हाळ्याच्या सुट्टीत हात रिकामे. जूनला परत अर्ज, परत मुलाखत. चाळिशीकडे झुकलेली माणसं अजून 'नवीन सर' म्हणून वावरतात.

कायम जागा निघाली की टपरीवर पहिला प्रश्न येतो, "सेट आहे ते ठीक, पण सेटिंग आहे का?" आकडेसुद्धा लोक उघड बोलतात. सगळ्याच संस्था तशा नाहीत, हे मान्य. पण इतकी वर्षं पत्रकारिता करतोय, ही बातमी मला कधी छापता आली नाही. देणारा बोलत नाही, घेणारा पावती देत नाही. माझं हे अपयश मी इथं कबूल करतो.

प्राध्यापक भरती संस्थाचालकांच्या हातून काढून आयोगाकडे द्या, ही मागणी जुनी आहे. ती पुढे का सरकत नाही, हे वेगळं सांगायला नको. कितीतरी संस्था कोणाच्या आहेत, ते आपल्या गावातच बघा.

म्हणून एक विनंती. "सेट झालास का?" हे त्या पोराला विचारू नका, त्याचं त्यानं केलंय. मतं मागायला दारात येतील त्यांना विचारा, "साहेब, जागा कधी भरणार? आणि कशा भरणार?"