डोक्याचा मार आणि त्याचें माप

माधवनगर येथील एका भगिनींनीं आम्हांस विचारलें आहे: "मुलगा कातडी चेंडूनें क्रिकेट खेळतो. डोक्यास लागलेला मार मोजणारें यंत्र निघालें आहे, असें ऐकिलें. तें त्यास घेऊन द्यावें काय?" प्रश्न आईच्या काळजीचा आहे, त्याचें उत्तरहि आम्ही जपूनच देतों.

यंत्र निघालें आहे हें खरें. रग्बीच्या खेळांत खेळाडू एकमेकांवर आदळतात. म्हणून दांतांवर बसविण्याच्या कवचांत सूक्ष्म संवेदक घालतात. डोक्यास हिसका किती जोराचा बसला व तें किती गरकन् वळलें, हें ते टिपतात. वरचे दांत कवटीस घट्ट असल्यामुळें हें माप बरेंच भरंवशाचें येतें. शिरस्त्राण डोक्यावर सरकतें, म्हणून त्यांत बसविलेला संवेदक फसवूं शकतो. जागतिक रग्बी संघटनेनें २०२४ च्या आरंभापासून वरिष्ठ सामन्यांत हीं कवचें वैद्यकीय तपासणीशीं जोडलीं. धक्का ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला, कीं मैदानावरील डॉक्टरांस तत्काळ सूचना जाते.

परंतु हें माप धक्क्याचें आहे, इजेचें नव्हे. मोठ्या धक्क्यानंतर एकास कांहींच होत नाहीं, तर लहानशा धक्क्यानें दुसऱ्यास भोंवळ येते. कित्येकदां सी. टी. स्कॅनहि निर्दोष निघतो आणि लक्षणें कांहीं तासांनीं दिसूं लागतात. म्हणून यंत्र गप्प राहिलें तरी निर्धास्त होऊं नये.

माधवनगरांत वाढलेल्या स्मृति मानधना हिचें उदाहरण पाहा. २७ फेब्रुवारी २०२२ रोजीं न्यूझीलंडमधील रांगिओरा येथें दक्षिण आफ्रिकेविरुद्ध सराव-सामना चालू असतां शबनिम इस्माइलचा उसळता चेंडू तिच्या डोक्यास लागला. डॉक्टरांनीं तपासून तिला खेळूं दिलें. दीड षटकानंतर पुन्हा तपासलें आणि मेंदूस धक्का बसल्याचें लक्षण नसतांहि केवळ खबरदारी म्हणून तिला मैदानाबाहेर नेलें. पुढें १२ मार्च रोजीं विश्वचषकांत तिनेंच वेस्ट इंडीजविरुद्ध १२३ धावा काढल्या. दोनदां तपासणें व वेळीं थांबणें ह्यांस यंत्र लागलें नाहीं.

घरीं एवढें पाळावें. डोक्यास मार लागून मूल गोंधळलें, त्यास चक्कर आली, मळमळलें वा डोकें दुखूं लागलें, तर त्या दिवशीं खेळ बंद ठेवून डॉक्टरांस दाखवावें. पुढील एक-दोन दिवस विश्रांति द्यावी. मोबाइलहि कमी करावा. वरचेवर वांती, वाढती डोकेदुखी, अतिशय गुंगी, झटका, हातापायांतील अशक्तपणा अथवा बाहुल्यांत लहानमोठेपणा दिसल्यास क्षणभरहि न थांबतां रुग्णालय गांठावें.

सर्वांत कठीण गोष्ट मात्र निराळीच आहे. मुलें दुखणें लपवितात. "डोकें गरगरतें" म्हटलें तर संघांतील जागा जाईल, मित्र भित्रा म्हणतील, बाबा रागावतील, अशी त्यांस धास्ती असते. त्या भगिनींस आमचें सांगणें इतकेंच: तूर्त यंत्र राहूं द्या. चांगलें शिरस्त्राण घ्या. आणि लागलें तर तें घरीं येऊन सांगावयास मुलास भीति वाटणार नाहीं, असें त्याच्याशीं आजच बोला.