मोती फाटकाबाहेरच बरा

गेल्या मे महिन्यात आम्ही मोटारीने कराडहून निघालो. कोयनानगर, राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट आणि शेवटी आंबोली असा सह्याद्रीच्या कडेकडेने जाण्याचा पाच दिवसांचा बेत होता. गाडीत आम्ही दोघे, नववीतील कन्या, सहावीतील चिरंजीव आणि आमचा वीस किलो वजनाचा गावठी कुत्रा मोती. मोतीला घरी ठेवायचे नाही, असा मुलांचा हट्ट होता आणि तो मला मान्यही होता. प्रवासात कुत्र्यासारखा सोबती नाही, असे माझे आजही मत आहे.

वाटेत एका अभयारण्याच्या फाटकाशी वनरक्षकाने हात वर केला. “सर, कुत्रं आत नाही नेता येणार.” कन्या लगेच म्हणाली, “काका, याला सगळ्या लशी टोचल्या आहेत, पट्टाही आहे. धर्मराजानेसुद्धा कुत्र्याशिवाय स्वर्गात पाऊल टाकलं नव्हतं!” वनरक्षक हसला, पण फाटक उघडले नाही.

यानंतर जे घडले ते सांगताना मला लाज वाटते, तरी सांगतो. कार्यालयात चौकशी करून येऊ, पाचच मिनिटांचे काम, असे म्हणून मी मोतीला गाडीत ठेवले. गाडी झाडाखाली होती, काचा दोन बोटे खाली होत्या. पाच मिनिटांची वीस झाली. झाडाची सावली सरकली आणि ऊन पुढच्या काचेवर आले. कन्या पाण्याची बाटली घ्यायला गेली आणि तिने हाक मारली, “बाबा, मोती उठत नाहीये!” त्याची जीभ बाहेर लोंबत होती, तोंडातून लाळ गळत होती आणि त्याला पायांवर उभे राहता येत नव्हते. आम्ही त्याला सावलीत आणले, पोटावर व पंजांवर पाणी ओतले, वर्तमानपत्राने वारा घातला आणि जवळच्या गावातील पशुवैद्यकीय दवाखाना गाठला. मोती वाचला. पण वीस वर्षे वर्गात उष्णता शिकवणाऱ्या माणसाच्या हातून हे घडले होते.

विद्यार्थिमित्रांनो, ते गणित मी तेव्हा केले नाही. ते आता करू. उन्हाळ्यातील निरभ्र दुपारी सूर्याकडे तोंड केलेल्या एक चौरस मीटर पृष्ठभागावर दर सेकंदाला सुमारे १००० ज्यूल ऊर्जा पडते. मोटारीच्या सर्व काचांमधून मिळून तेवढीच ऊर्जा आत येते असे धरू. म्हणजे कपड्यांची एक इस्त्री गाडीत चालू ठेवल्यासारखे झाले! गाडीतील हवा सुमारे ३ घनमीटर, म्हणजे साडेतीन किलो. एक किलो हवा एका अंशाने तापवायला सुमारे १००० ज्यूल लागतात. सर्व ऊर्जा हवेलाच मिळाली, तर साडेतीन सेकंदांत तापमान एक अंशाने वाढेल. प्रत्यक्षात बैठका आणि पत्रा बरीच उष्णता घेतात, म्हणून सेकंदांऐवजी मिनिटे लागतात, इतकेच.

मग ही उष्णता बाहेर का जात नाही? काच दृश्य प्रकाश आत सोडते आणि दीर्घ लांबीचे अवरक्त किरण अडवते, असे आपण पुस्तकात वाचतो. ते खरे आहे; पण मुख्य कारण दुसरेच आहे. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा थंड हवा घेते. हे अभिसरण बंद गाडीत होत नाही. रॉबर्ट वुड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये एका पेटीला काचेचे आणि दुसरीला अवरक्त किरण सोडणाऱ्या सैंधवाचे झाकण लावून पाहिले. दोन्ही पेट्या जवळजवळ सारख्याच तापल्या. दोन बोटे उघडी काच हे अभिसरण सुरू करायला अपुरी पडते. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत बंद गाडीतील तापमान तासाभरात सरासरी २२ अंश सेल्सिअसने वाढलेले आढळले. त्यातील चार-पंचमांश वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली होती आणि काचा थोड्या उघड्या ठेवल्याने फारसा फरक पडला नव्हता.

कुत्र्याची अडचण आपल्याहून मोठी असते. आपल्या सर्वांगाला घाम येतो. त्याला तो पंजांच्या तळव्यांपुरताच येतो. धापा टाकून जिभेवरचे व श्वासमार्गातील पाणी उडवणे, हाच त्याचा मुख्य उपाय. एक ग्रॅम पाणी उडताना शरीरातील सुमारे २४०० ज्यूल उष्णता घेऊन जाते. पण बंद गाडीत त्याच्याच श्वासाने हवा दमट होत जाते आणि बाष्पीभवन मंदावते. म्हणून माझे पहिले मत असे : कुत्र्याला बंद गाडीत एकटे ठेवू नये. पाच मिनिटेही नाही, सावलीतही नाही.

दुसरे मत जडत्वाविषयी. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी आदळून थांबली, तर मोकळा बसलेला मोती त्याच वेगाने पुढे जाणार. त्याची गतिज ऊर्जा होते सुमारे २८०० ज्यूल, म्हणजे १४ मीटर उंचीवरून, चौथ्या मजल्यावरून, पडल्याइतकी. अर्ध्या मीटरमध्ये तो थांबला, तर त्याच्यावर आणि समोरच्या माणसावर त्याच्या वजनाच्या २८ पट बल पडेल. तेव्हा खिडकीतून डोके काढलेला कुत्रा छायाचित्रात कितीही छान दिसो, त्याला छातीपट्ट्याने मागच्या बैठकीला बांधलेच पाहिजे.

आता मूळ प्रश्न. वनरक्षकाचे बरोबर होते का? त्या दिवशी मला राग आला होता. आज माझे उत्तर आहे : होय.

सप्टेंबर-ऑक्टोबर २०१८ मध्ये गुजरातमधील गीरच्या जंगलात थोड्याच दिवसांत वीसहून अधिक सिंह दगावले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने तपासलेल्या नमुन्यांत कॅनाइन डिस्टेंपर या रोगाचा विषाणू सापडला. माणसातील गोवराच्या विषाणूचा हा जवळचा नातलग. आफ्रिकेतील सेरेंगेटीत १९९४ साली याच रोगाच्या साथीत तेथील सुमारे एक तृतीयांश, म्हणजे जवळजवळ १००० सिंह गेले. ती साथ आसपासच्या वस्त्यांतील कुत्र्यांपासून आली असावी, असे संशोधकांचे मत आहे. लस टोचलेल्या कुत्र्यापासून हा धोका फार कमी असतो, हे खरे. पण फाटकावरच्या माणसाने प्रत्येकाचे लशीचे कागद कसे तपासावेत?

“आमचा कुत्रा पट्ट्याला बांधलेला असतो, मग काय बिघडते?” असे कोणी म्हणेल. सिडनीजवळच्या जंगलवाटांवर केलेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नेमके हेच तपासले होते. पट्ट्याला बांधलेला कुत्रा नुसता फिरवून नेल्यावर त्या वाटेवर दिसणाऱ्या पक्ष्यांच्या जाती ३५ टक्क्यांनी आणि पक्ष्यांची संख्या ४१ टक्क्यांनी घटली. ज्या वाटांवर नेहमीच कुत्री हिंडतात, तेथेही तसेच झाले. पट्टा आपल्याला दिसतो. भेकराला किंवा रानकोंबडीला दिसतो तो शिकारी प्राणी.

“जंगलालगतच्या गावांतील कुत्री आत हिंडतातच, पर्यटकांच्या गाड्याही धुरळा उडवतात, मग एका मोतीनेच काय पाप केले?” हा आक्षेप मात्र मी उडवून लावणार नाही. गावातील कुत्र्यांना लस टोचणे हे आपल्या एका कुत्र्याला अडवण्यापेक्षा कितीतरी मोठे काम आहे आणि ते झालेच पाहिजे. पण एक चूक चालू आहे म्हणून तिच्यात आपली भर घालावी, हे शास्त्रालाही धरून नाही आणि शहाणपणालाही नाही. अमेरिकेतील यलोस्टोन या १८७२ साली स्थापन झालेल्या उद्यानातही कुत्र्याला रस्ते, वाहनतळ आणि मुक्कामाच्या जागांपासून १०० फुटांच्या आतच नेता येते. जंगलातील पायवाटा त्याला बंद आहेत.

माझी तक्रार आहे ती एवढीच की, फाटकावरच्या पाटीवर ‘मनाई’ असते, पण ‘का’ नसते. कारण कळले की मुले नियम मोडत नाहीत, उलट ती इतरांना समजावतात. शिक्षकांना माझी विनंती आहे की, उन्हाळ्यात शाळेच्या आवारात उभ्या असलेल्या रिकाम्या मोटारीत, थेट ऊन लागणार नाही असा एक तापमापक ठेवावा, दुसरा बाहेर सावलीत टांगावा आणि दर पाच मिनिटांनी मुलांकडून आलेख काढून घ्यावा. तो आलेख पाहिलेला विद्यार्थी माझ्यासारखी चूक करणार नाही.

पुढचे दोन दिवस आम्ही पाळी लावली. दोघे आत जात, दोघे मोतीबरोबर बाहेर झाडाखाली थांबत. कन्येला मी म्हटले, “धर्मराजाने कुत्र्याला आत घुसवले नव्हते, तो स्वतः त्याच्यासाठी बाहेर थांबायला तयार झाला होता.” ती काही बोलली नाही. पण पुढच्या फाटकाशी पहिली पाळी तिने मागून घेतली, बाहेर थांबण्याची.