खाते पुसू नका, कुलूप लावा

संगणक कक्षातल्या लिनक्स यंत्रांवरची ‘निरुपयोगी’ खाती सत्रअखेर काढून टाकावीत, अशी सूचना पुढे आली आहे. हेतू चांगला आहे, पण आम्हाला ती मान्य नाही. विश्वस्त मंडळाने निर्णयापूर्वी आमचे म्हणणे ऐकावे, ही विनंती.

लिनक्सवर खाती फक्त माणसांचीच नसतात. मायएसक्यूएलसारखे पॅकेज बसवले की ते स्वतःसाठी एक खाते उघडते. त्या नावाने कोणी लॉग-इन करायचे नसते. सॉफ्टवेअर चालावे, पण सगळ्या यंत्राच्या किल्ल्या त्याच्या हाती नसाव्यात, एवढ्यासाठी ते असते. डेबियनमध्ये ० ते ९९ हे क्रमांक कायमचे नेमलेले, १०० ते ९९९ अशा पॅकेजांना लागतील तसे, आणि १००० पासून पुढे तुम्ही-आम्ही.

खरी गोम या क्रमांकात आहे. फाइलीवर मालकाचे नाव नसतेच, क्रमांक असतो. पॅकेज काढले, खातेही पुसले, पण निकालाची एखादी फाइल कुठे तरी राहिली, तर ती बेवारस होते. पुढचे पॅकेज आले की डेबियनची अ‍ॅडयूजर आज्ञा पहिला मोकळा क्रमांक उचलते. तो नेमका जुनाच असला, तर त्या फाइलीला आपोआप नवा मालक मिळतो!

मुलांचेही तेच. डेबियनवर डेलयूजरने खाते काढले तरी, वेगळे सांगितल्याशिवाय, घर-फोल्डर तसाच राहतो. दहावी झालेल्या मुलीचा क्रमांक जूनमध्ये नव्या मुलाला मिळाला, तर तिचे प्रकल्प, तिची पत्रे, सगळे त्याचे. पालकांना हे चालेल का?

आपल्या कार्यालयात हा प्रश्न कधीच सुटला आहे. टी.सी. घेऊन गेलेल्या मुलाचा स्कॉलर नंबर आपण दुसऱ्याला देत नाही. रजिस्टरात नोंद राहते, शेरा पडतो. फेडोराचे नियमही हेच सांगतात, की पॅकेजने उघडलेले खाते ते काढताना पुसू नये, कारण मागे काय उरले हे खात्रीने तपासता येत नाही. डेबियनमध्ये मात्र ‘पर्ज’ केल्यावर काही पॅकेजे खातेही पुसतात, तेव्हा तिथे लक्ष हवे.

यादी लांबते, ही तक्रार खरी आहे. पण लांब यादीने यंत्र हळू होत नाही. उघडे पडलेले खाते धोक्याचे, हेही खरे. म्हणून पासवर्ड बंद करावा, खात्याची मुदत संपवावी आणि लॉग-इनचा शेल काढून घ्यावा. यंत्र पूर्ण पुसून नव्याने बसवायचे असेल, तर अर्थातच हा प्रश्न उरत नाही.

त्याआधी एक काम सुट्टीतच व्हावे. फाइंड आज्ञेला ‘नोयूजर’ हा पर्याय दिला की बेवारस फाइली समोर येतात. सरांच्या देखरेखीखाली अकरावीची मुले ती यादी सहज काढतील. यादी हाती आल्यावर मंडळाने बैठक घ्यावी.