सिनेमाच्या पदवीचा उत्पादन खर्च

मागच्या जिल्हा बैठकीत कांद्याचा विषय संपला आणि लोक चहाला उठले, तेव्हा एक जुना कार्यकर्ता आमच्याजवळ येऊन बसला. खिशातून घडी घातलेले माहितीपत्रक काढले. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो, कॅमेऱ्यामागे उभी असलेली पोरे. "पोरीला सिनेमाचं शिकायचंय. बारावी झाली. तीन वर्षांची पदवी, फी अठरा लाख. दोन एकर आहे, ती काढतो म्हणतो. तुम्ही काय सांगता?" आम्ही जमीन विकू नको असे म्हणायला तोंड उघडले, तर तोच पुढे म्हणाला, "शेती तोट्याची आहे हे तुम्हीच तर वीस वर्षं सांगताय."

याला ताबडतोब उत्तर नव्हते. पोरांनी शेतीतून बाहेर पडावे, निदान पडता यावे, असे आपण व्यासपीठावरून सांगत आलो. मग एखादी पोर निघाली की तिला अडवायचे कोणत्या तोंडाने? मुलीने सिनेमा शिकू नये, गुपचूप डी.एड. करावे, असले शहाणपण आम्ही सांगणार नाही. पण ज्या माणसाने कांद्याचा क्विंटलमागे खर्च काढून मंत्र्यासमोर मांडला, त्याने या अठरा लाखांचा हिशेब न मांडता सातबारा हातात घ्यावा, हे काही पटले नाही. आम्ही स्वतः कृषी महाविद्यालयात चार वर्षे काढली, पिकांचा उत्पादन खर्च काढायला शिकलो, आणि आपल्याच पदवीचा खर्च एकदाही काढला नाही. तेव्हा हा दोष आमचाही आहे.

कृषिमूल्य आयोगाची पद्धत आपल्याला पाठ आहे. ए२ म्हणजे खिशातून गेलेला खर्च. त्यात घरच्यांची मजुरी मिळवली की ए२ अधिक एफएल. त्यावर स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलाचे व्याज धरले की सी२. हीच फूटपट्टी पदवीला लावू. फी १८ लाख. शहरात राहणे-खाणे वर्षाला २ लाख धरले तर ६ लाख. ए२ झाला २४ लाख. याच तीन वर्षांत पोरगी तालुक्याच्या गावी एखाद्या दुकानात हिशेब लिहायला बसली असती आणि महिना १० हजारच मिळाले असते, तरी ३ लाख ६० हजार. ती घरची मजुरी. दरवर्षी ८ लाख घातले, ते बँकेत ७ टक्क्यांनी राहिले असते तर शिक्षण संपेपर्यंत साधे व्याज ३ लाख ३६ हजार. सी२ जातो ३१ लाखांच्या घरात. (जमीन विकून पैसा उभा केला तर खंड वेगळा धरायचा नाही, तो व्याजातच आला. दोनदा मोजला तर आयोगवाले आपल्याला हसतील.)

आता जमीन न विकता कर्ज काढले तर? फीपुरते १८ लाख, वर्षाला ६ लाखांप्रमाणे, व्याज ११ टक्के समजू. शिक्षणाची तीन वर्षे आणि पुढचे एक वर्ष हप्ता नसतो, व्याज मात्र चालूच राहते. चौथ्या वर्षाअखेर कर्ज २४ लाख होते. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता सुमारे ३३ हजार, एकूण भरणा ४० लाखांच्या जवळ. शिवाय कर्ज साडेसात लाखांवर गेले की बँक सर्वसाधारणपणे तारण मागते. शेतजमीन २००२ च्या सरफेसी कायद्याच्या जप्तीतून वगळलेली असल्यामुळे बँकांना ती तारण म्हणून फारशी नको असते. शहरातला फ्लॅट चालतो. ज्या कायद्याने जमीन वाचते, त्याच कायद्याने शेतकऱ्याच्या पोरीचे कर्ज अडते.

हा झाला खर्च. उत्पन्नाचे काय? पदवी घेऊन बाहेर पडलेला मुलगा किंवा मुलगी बहुधा कोणाचा तरी सहायक म्हणून सुरुवात करते. काम रोजावर किंवा प्रकल्पावर. पाळी बारा तासांची, पुष्कळदा जास्तच. समजा दिवसाचे दीड हजार ठरले आणि महिन्यात पंधरा दिवस काम लागले, तर साडेबावीस हजार. मुंबईतली खोली त्यातूनच. ३३ हजारांचा हप्ता कोठून द्यायचा? आणि हे साडेबावीस हजारही महिनाअखेर हातात येतील असे नाही. मुंबईच्या मालिकांच्या धंद्यात काम केल्यावर ९० दिवसांनी पैसे, ही रूढ पद्धत आहे. उसाचे पैसे १४ दिवसांत द्यावेत असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो आणि कारखाने तो मोडतात म्हणून आपण रस्त्यावर येतो. तिकडे तीन महिने थांबणे हीच रीत. कामगारांच्या संघटना आहेत, पण त्यांचे कार्ड मिळवायलाही पैसे लागतात.

यावर आमच्या मित्राने भाऊराव कऱ्हाडे यांचे नाव घेतले. त्यांनी जमीन विकून 'ख्वाडा' केला, राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. खरे आहे, आणि आम्हाला त्याचा अभिमान आहे. पण बियाण्याच्या पिशवीवर छापलेला विक्रमी उतारा पाहून आपण पेरणी करतो का? शेजारच्या दहा शिवारांत काय पडले ते विचारतो. जमीन विकून ज्यांचा सिनेमा डब्यातच राहिला, त्यांची मुलाखत कोणी छापत नाही. माहितीपत्रकावरची हसरी पोरे ही त्या संस्थेची विक्रमी कणसे. मागच्या पाच तुकड्यांतली किती मुले आज याच धंद्यात आहेत आणि मधल्या मुलाची कमाई किती, हे संस्थेकडून लेखी मागावे. देत नसेल तर समजून घ्यावे.

सरकारी मार्ग आहे. पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जागेवर १९६० साली स्थापन झालेल्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये फी खाजगीपेक्षा पुष्कळ कमी. पण दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन, ध्वनी असल्या शाखांना आधी पदवी लागते, आणि एकेका शाखेत दहा-बारा जागांसाठी देशभरातून मुले येतात. तिथेही २०१३ पासून फी दरवर्षी १० टक्क्यांनी वाढत गेली आणि डिसेंबर २०१९ मध्ये विद्यार्थी उपोषणाला बसले. १० टक्के ऐकायला लहान वाटतात. सात वर्षांत रक्कम दुपटीला टेकते. कांद्याचा भाव अशा हिशेबाने वाढलेला आम्ही पाहिला नाही.

दुसरा मार्ग नगरचा. नागराज मंजुळे तिथल्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापन शिकले, विद्यार्थी असताना 'पिस्तुल्या' केला, आणि पुढे 'फँड्री' (२०१३) नि 'सैराट' (२०१६) आले. सगळेच मंजुळे होत नाहीत, हेही विक्रमी कणीसच. पण जिल्ह्याच्या गावच्या महाविद्यालयात पीक बुडाले तर फार तर बियाणे जाते, रान राहते.

आणि फाळके? त्यांनी विमा पॉलिसीवर कर्ज काढले हे सगळे सांगतात. पण १९१२ साली लंडनहून यंत्र आणल्यावर त्यांनी आधी वाटाण्याचे रोप उगवतानाचा छोटा चित्रपट केला, तो पैसेवाल्याला दाखवला, आणि मग 'राजा हरिश्चंद्र'साठी (१९१३) पैसा उभा केला. आमच्या भाषेत याला प्रात्यक्षिक प्लॉट म्हणतात. पोरीच्या हातात मोबाइल आहे. गावची यात्रा, छाटणीच्या बायका, लिलावातली बोली, काहीही दहा मिनिटांचे करून दाखवू दे. संकलन किंवा ध्वनी आवडतो का तेही कळेल. दिग्दर्शक एक असतो, हाताला कसब असलेली माणसे पन्नास लागतात.

राहिली जमीन. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. कूळ कायद्याचे कलम ६३ आहे. दोनच एकर आहे आणि ती गेली, तर पैसा आला तरी परत घेणे सोपे नाही. हे आमच्या मित्राला ठाऊक नव्हते. दुसरी गोष्ट, ती वडिलोपार्जित जमीन त्याची एकट्याची नाही. १९९४ पासून महाराष्ट्रात, २००५ पासून देशभर, वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क आहे. धाकटा मुलगा आहे, त्याचाही वाटा. मुलगी आपला वाटा आपल्या शिक्षणाला लावते म्हणाली तर तो तिचा निर्णय, आणि तो आम्ही मानू. बापाने सगळ्यांचा वाटा तिच्या नावाने खर्ची घालून पुढे आयुष्यभर ऐकवत राहणे, हे वेगळे. "सातबाऱ्यावर तिच्या आईचं नाव आहे का?" आम्ही विचारले. तो गप्प बसला. "तिला विचारलं का?" तेव्हाही गप्प.

पुढच्या बैठकीला तो मायलेकींना घेऊन येणार आहे. मुलीला सांगितले आहे की दहा मिनिटांचे काहीतरी करून आण, आणि वरचा हिशेब आपल्या हाताने पुन्हा मांडून आण. आमचा आकडा चुकला असेल तर सगळ्यांसमोर दाखव. पडदा आणि प्रोजेक्टर तालुका शाखेकडून मिळेल. विषय पत्रिकेत शेवटी ठेवला आहे, वीज बिलांच्या नंतर.