‘आनंदी राहा’ म्हणणाऱ्या हितचिंतकांस

गेल्या रविवारी मिस्सानंतर चर्चच्या आवारात एका सद्‌गृहस्थांनी आमच्या खांद्यावर हात ठेवला आणि नेहमीचे वाक्य उच्चारले, “सर, टेन्शन घेऊ नका. पॉझिटिव्ह राहा. सगळे मनावर असते.” आम्ही नेहमीप्रमाणे हसलो, मान डोलावली आणि चंदनसारच्या रिक्षात येऊन बसलो. गेली अकरा वर्षे हे वाक्य आम्ही ऐकत आलो आहोत. लग्नात ऐकले, मयतीला ऐकले, इस्पितळातील खाटेवर पडून ऐकले. ते म्हणणारे सारे आमचे हितचिंतक आहेत, याविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. म्हणूनच आमचे भांडण माणसांशी नाही, त्या वाक्याशी आहे. आणि ते भांडण आज उघडपणे मांडावे असे आम्ही ठरविले आहे.

प्रथम आमच्या दुखण्याविषयी. हृदयाच्या वरच्या भागात एक लहानसा नैसर्गिक ठिणगीचा बिंदू असतो. तेथून निघालेली ठिणगी आधी वरच्या दोन कप्प्यांना आणि मग खालच्या दोन कप्प्यांना ठोका देण्याची आज्ञा करते. विश्रांतीच्या वेळी मिनिटाला साठ ते शंभर अशा त्या आज्ञा असतात. आमच्या दुखण्यात वरच्या कप्प्यांत मिनिटाला तीनशेहून अधिक बेशिस्त आज्ञा सुटतात. ते कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात आणि खालच्या कप्प्यांना वेडीवाकडी लय मिळते. डॉक्टर याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. रात्री दोन वाजता जाग येते. एक ठोका, दोन ठोके, मग विराम, मग पाच ठोके एकमेकांवर आदळत. खिडकीतून जीवदानीच्या डोंगरावरचे दिवे दिसत असतात आणि आपण मनगट धरून अंधारात मोजत बसलेले असतो. कधी दोन तासांत सारे शांत होते, कधी दोन दिवस लागतात. मग ते जाते, आणि पुन्हा कधी येईल हे कोणी सांगू शकत नाही. या दुखण्याची खरी शिक्षा झटक्यात नाही, दोन झटक्यांमधल्या दिवसांत आहे. चांगल्या दिवशीही माणूस आपल्याच छातीवर पहारा करीत असतो.

अशा माणसाला ‘आनंदी राहा’ असे सांगणे म्हणजे काय करणे? आमचा पहिला आरोप असा की, हे वाक्य सांत्वनाचा वेष घेऊन येते आणि दोषारोप करून जाते. सगळे मनावर असते, असे म्हटले की दुखणे पुन्हा उद्‌भवताच त्याचा अर्थ ठरलेला: तुमचे मन कमकुवत पडले! आजाराची जबाबदारी आजाऱ्यावर टाकून सांगणारा मोकळा होतो. आमचे दुखणे ओळखले जाण्यापूर्वी दोन वर्षे आम्ही ‘गॅसेस’ची औषधे घेतली. इ.सी.जी. काढला जाई तेव्हा झटका ओसरलेला असे आणि कागदावरच्या रेघा सरळ येत. “रिपोर्ट नॉर्मल आहे, मनाला लावून घेऊ नका,” असे सांगून आमची बोळवण होई. अखेर चोवीस तास छातीला यंत्र लावून नोंद घेतली, ज्याला हॉल्टर म्हणतात, तेव्हा त्या कागदाने आमची बाजू घेतली. आमच्या ओळखीच्या कितीतरी भगिनींना तर ‘बाईमाणूस, घाबरट स्वभाव’ एवढ्यावरच परत पाठविलेले आम्ही पाहिले आहे. मनाचा आजार म्हणून जे दुर्लक्षिले जाते ते कधी कधी गळ्यातल्या ग्रंथीत असते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांना १९९१ च्या मे महिन्यात धावण्याचा व्यायाम करताना हाच विकार जडला. तपासाअंती थायरॉईड ग्रंथी अतिक्रियाशील असल्याचे निघाले. हसऱ्या चेहऱ्याने थायरॉईड बरा होत नाही. त्यासाठी रक्त तपासावे लागते.

आमचा दुसरा आरोप अधिक गंभीर आहे. हे वाक्य धोकादायक आहे. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचून राहते, साचलेल्या रक्ताची गुठळी होते, आणि ती गुठळी मेंदूकडे गेली तर पक्षाघात होतो. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम गावच्या प्रदीर्घ पाहणीतून १९९१ मध्ये असे दिसून आले की, या विकाराने पक्षाघाताचा धोका सुमारे पाच पटींनी वाढतो. त्यावरचा उपाय म्हणजे, ज्यांना डॉक्टर सांगतील त्यांनी रक्त पातळ करणारी गोळी न चुकता घेणे. आता ध्यानात घ्या की ही गोळी घेतल्याने काहीच ‘वाटत’ नाही. ती न घेतल्यानेही काही वाटत नाही, ज्या दिवशी तोंड वाकडे होते त्या दिवसापर्यंत. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, चार हजारांहून अधिक रुग्णांच्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात असे आढळले की, पक्षाघात झालेल्यांपैकी बहुसंख्य रुग्णांनी एक तर ही गोळी बंद केली होती किंवा त्यांच्या रक्तात तिचे प्रमाण अपुरे होते. लय सुधारली, बरे वाटू लागले, गोळीची गरज संपली असे समजले गेले. बरे वाटणे आणि सुरक्षित असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ‘पॉझिटिव्ह राहा’ हे वाक्य नेमका हाच फरक पुसून टाकते. आमच्या नात्यातील एक काका “मला आता काही होत नाही” असे अभिमानाने सांगत गोळ्या सोडून बसले. आज त्यांचा उजवा हात मांडीवर पडून असतो आणि त्यांचे बोलणे फक्त काकूंनाच कळते. त्यांच्याइतका आशावादी माणूस आमच्या कुटुंबात दुसरा नव्हता.

आपल्या देशात हा प्रश्न केवळ म्हाताऱ्यांचा नाही, हेही सांगितले पाहिजे. भारतातील दीड हजारांहून अधिक रुग्णांच्या एका नोंदणीत, जिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले, रुग्णांचे सरासरी वय अवघे पंचावन्नच्या आसपास निघाले आणि जवळपास निम्म्यांच्या मुळाशी लहानपणीच्या सांधेदुखीच्या तापाने बिघडलेल्या हृदयाच्या झडपा होत्या. लहान मुलाचा घसा दुखतो, ताप येतो, सांधे सुजतात, आपण काढा देतो आणि विसरतो. तीस वर्षांनी तेच मूल, आता दोन लेकरांची आई, विरारच्या जिन्यावर धापा टाकीत बसते. अशा रुग्णांत कोणती गोळी चांगली, यावर अनेक देशांत मिळून झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. नव्या, महागड्या गोळीपेक्षा जुन्या, स्वस्त गोळीवर असलेल्यांत मृत्यू कमी झाले. मात्र जुनी गोळी वेळोवेळी आय.एन.आर. ही रक्ततपासणी मागते, आणि ताटावरही लक्ष ठेवायला लावते. आपल्या वसईच्या हिरव्या पालेभाज्या तिचा प्रभाव कमी करतात. भाजी सोडायची नसते. रोज साधारण सारखी खायची असते. एवढी साधी गोष्ट आम्हांला कळायला तीन वर्षे लागली, कारण तोवर जो भेटे तो आम्हांला आनंदी राहायला सांगत होता. ताटात काय आहे हे कोणी विचारीत नव्हते.

आता प्रतिपक्षाचे म्हणणेही प्रामाणिकपणे ऐकू या. मनाचा आणि लयीचा काहीच संबंध नाही काय? आहे. २०१४ साली अमेरिकेत पंचाण्णव रुग्णांच्या रोजच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा राग आणि ताण यांच्यामागोमाग झटके अधिक येतात आणि आनंदाच्या वेळी कमी येतात, असे दिसले. २०१३ च्या दुसऱ्या एका छोट्या अभ्यासात एकोणपन्नास रुग्णांना तीन महिने योगासने व प्राणायाम शिकविला. त्यांचे झटके कमी झाले, उदासीनताही कमी झाली. आम्ही हे नाकारीत नाही. परंतु तेथे काय केले ते नीट पाहा. त्या रुग्णांना कोणी आवारात गाठून ‘आनंदी राहा’ असे बजावले नाही. त्यांना आठवड्यातून दोन वेळा, एक एक तास, बसवून श्वास शिकविला. आनंद ही आज्ञा नव्हे. तो सरावाने, वेळेने आणि सोबतीने येतो. ज्याला तो द्यायचा आहे त्याने स्वतःचा एक तास खर्चावा. वाक्य फुकट असते.

येथे आम्हांला आमच्याच समाजाला एक कडू प्रश्न विचारायचा आहे. जे हात आमच्या खांद्यावर सहानुभूतीने पडतात, तेच हात लग्नाच्या मांडवात आमच्यापुढे पेला का धरतात? “एक घोट घ्या हो, काही होत नाही!” ऑस्ट्रेलियात एकशेचाळीस रुग्णांवर झालेला प्रयोग २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमी पिणाऱ्या या रुग्णांपैकी निम्म्यांनी दारू जवळजवळ सोडली, निम्म्यांनी पूर्ववत चालू ठेवली. सहा महिन्यांत पिणाऱ्यांपैकी त्र्याहत्तर टक्क्यांना विकार पुन्हा उद्‌भवला. सोडणाऱ्यांपैकी त्रेपन्न टक्क्यांना. वीस टक्क्यांचा हा फरक कोणत्याही सुविचाराने आजवर घडवून आणलेला नाही. आम्ही पेला नाकारतो तेव्हा आम्हांला ‘सणाचा विरस करणारे’ म्हणतात. म्हणजे आनंदी राहायचे, पण यजमानाच्या अटीवर!

आणि श्रद्धेचे काय? प्रार्थनेने आम्हांला त्या रात्रींत आधार दिला आहे, हे आम्ही कृतज्ञतेने लिहितो. पण एका प्रार्थनासभेत “विश्वास असेल तर गोळ्यांची गरज काय?” असा सल्ला आमच्या पत्नीला मिळाला, तेव्हा तिने दिलेले उत्तर आम्ही विसरलो नाही. “आमच्या बायबलात सिराखचे पुस्तक आहे,” ती म्हणाली, “त्याचा अडतिसावा अध्याय वैद्याचा मान राखायला सांगतो.” ईयोबाचे मित्र आठवा. सात दिवस ते त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले, तोवर ते खरे मित्र होते. तोंड उघडून त्यांनी त्याच्या दुःखाचे कारण त्याच्यातच शोधायला आरंभ केला, तेव्हा ते फिर्यादी झाले.

मग आशावादी जगणे म्हणजे काय? अकरा वर्षांच्या अनुभवातून आम्हांला जे उमगले ते एवढेच आहे. आशा म्हणजे चेहऱ्यावरचा भाव नव्हे, ती एक दिनचर्या आहे. रात्री आठची गोळी, वहीत लिहिलेली नाडी, ठरलेल्या तारखेची रक्ततपासणी, मिठावर आवरलेला हात, सकाळची चाल. झटका आला की आम्ही घाबरतो, आणि घाबरलो असे घरी सांगतो. भीती लपविण्यात जी शक्ती खर्च होत असे ती आता वाचते. चक्कर येऊन पडणे किंवा छातीत दुखणे झाले तर वाट न पाहता इस्पितळ गाठायचे, हे ठरलेले आहे. बाकीच्या वेळी आम्ही मुलांच्या शिकवण्या घेतो, वर्तमानपत्र वाचतो, नातीशी भांडतो. दुखणे आमच्या घरात राहते. त्याला घरमालक होऊ दिलेले नाही.

म्हणून, समाजबांधवहो, आमची विनंती आहे. पुढच्या वेळी आवारात भेटाल तेव्हा ‘आनंदी राहा’ म्हणू नका. ‘या आठवड्यात नाडी कशी होती?’ असे विचारा आणि उत्तर ऐकायला थांबा. कोणी एकटी वृद्धा रक्त तपासायला जाणार असेल तर रिक्षात तिच्या शेजारी बसा. मांडवात पेल्याऐवजी कोकम सरबत पुढे करा. आपल्या धर्मग्रामात परिचारिकांची उणीव नाही. महिन्यातल्या एका रविवारी मिस्सानंतर पासष्टी ओलांडलेल्या प्रत्येकाची नाडी अर्धा मिनिट मनगटावर बोटे ठेवून तपासली, आणि ती अनियमित लागली तर त्याला इ.सी.जी.ला पाठविले, तर कित्येक घरांतले पक्षाघात टळतील. आणि एक गोष्ट प्रत्येक घरात पाठ असू द्या: तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोबडी वळली, तर घरगुती उपाय करीत बसू नका. काही प्रकारच्या पक्षाघातांत गुठळी विरघळविणारे इंजेक्शन देता येते. पण ते साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि आपल्या भागात त्यातला बराचसा वेळ रस्त्यातच जातो.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा त्याच आवारात असू. ते सद्‌गृहस्थही असतील. त्यांनी खांद्यावर हात जरूर ठेवावा. फक्त तो खांद्यावरून थोडा खाली, मनगटापर्यंत आणावा, एवढेच आमचे मागणे आहे.