उघड्या भट्टीतून वाहणारी राष्ट्रसंपत्ती

कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल या औद्योगिक वसाहतींत रोज लोखंडाचा रस होतो. शेतकऱ्याच्या विहिरीवरील ऑईल इंजिनाच्या निमित्ताने रुजलेला हा ओतकामाचा उद्योग आज मोटारी, ट्रॅक्टर, पंप आणि यंत्रसामग्रीचे सुटे भाग देशभर पुरवितो. त्यामागे परकीय भांडवल नव्हते. येथल्या मातीतील कारागिरांचे कौशल्य आणि धाडस होते. या उद्योगाची सर्वांत जुनी तक्रार मात्र विजेच्या दराची आहे. शेजारच्या राज्यांपेक्षा महाराष्ट्रात वीज महाग असल्याचे गाऱ्हाणे सातत्याने मांडले गेले. कर्नाटकात स्थलांतर करण्याचा इशाराही येथील उद्योजकांनी पूर्वी दिला आहे. ही तक्रार अनाठायी नाही. परंतु विजेच्या बिलाला दोन बाजू असतात. एक दर, दुसरी वापर. दर ठरविणे आयोगाच्या हाती आहे. वापर मात्र सर्वस्वी कारखानदाराच्या हाती आहे. दुर्दैवाने सारा लढा पहिल्या बाजूवर चालतो आणि दुसऱ्या बाजूने संपत्ती निमूटपणे वाहत राहते.

हे वाहणे किती मोठे आहे? एक टन लोखंड वितळवून ओतण्याच्या तापमानापर्यंत नेण्यास शास्त्रीय हिशेबाने सुमारे ४०० युनिट ऊर्जा पुरेशी आहे. प्रत्यक्षात इंडक्शन भट्टी उत्तम राखली तरी साडेपाचशेच्या आसपास युनिट लागतात आणि निष्काळजी कारखान्यात हा आकडा सातशेपर्यंत जातो. महिन्याला ५०० टन धातू वितळविणाऱ्या कारखान्याने टनामागे केवळ १०० युनिट वाचविले, तर वर्षाकाठी ६ लाख युनिट वाचतात. युनिटला ८ रुपये दर धरला तरी ही रक्कम ४८ लाखांवर जाते. लहान कारखान्याच्या दृष्टीने तगणे आणि बुडणे यांतील हे अंतर असू शकते.

ही गळती रोखण्यास प्रत्येक वेळी नवी यंत्रसामग्री लागते असेही नाही. भट्टीचे झाकण उघडे राहिले की दीड हजार अंशांच्या धातूची उष्णता थेट छताकडे जाते. साचे तयार नसताना धातू तयार ठेवला, तर तो केवळ गरम राखण्यासाठी वीज जळत राहते. गंजलेले, वाळू चिकटलेले भंगार भट्टीत टाकले की त्याची मळी वितळविण्याचा खर्चही मालकाच्याच माथी येतो. लॅडल आधी तापवून घेतली नाही तर तिच्यात थंड होणाऱ्या धातूसाठी भट्टीचे तापमान विनाकारण वाढवावे लागते. सर्वांत मोठी हानी मात्र नाकारल्या गेलेल्या मालाची. सदोष निघालेले प्रत्येक कास्टिंग पुन्हा भट्टीत जाते, म्हणजे एकाच वस्तूसाठी दोनदा वीज मोजावी लागते. गुणवत्ता आणि ऊर्जाबचत हे वेगळे विषय नाहीत, हे ज्या कारखान्याला उमगले, त्याने अर्धी लढाई जिंकली.

भट्टीबाहेरही हेच चित्र आहे. दाबाखालच्या हवेच्या नळीला पडलेले तीन मिलिमीटरचे एक छिद्र कॉम्प्रेसरची तीन-चार किलोवॅट शक्ती गिळते. दोन पाळ्यांत चालणाऱ्या कारखान्यात त्याचा वार्षिक हिशेब चौदा-पंधरा हजार युनिटांवर जातो. हवा दिसत नाही, म्हणून तिची गळती कोणाला टोचत नाही. तेलाची नळी अशी गळती तर मालक स्वतः धावत आला असता! पंख्याचे वा पंपाचेही तसेच. झडप अर्धी मिटून प्रवाह कमी करण्याऐवजी मोटारीचा वेग २० टक्क्यांनी कमी केला, तर लागणारी शक्ती जवळपास निम्म्यावर येते.

शासनाने या विषयाकडे पाहिलेच नाही असे म्हणता येणार नाही. २००१ मध्ये ऊर्जा संवर्धन कायदा झाला आणि २००२ मध्ये ऊर्जा दक्षता ब्यूरो स्थापन झाला. २०१२ ते २०१५ या काळात मोठ्या उद्योगांना ऊर्जावापर घटविण्याची लक्ष्ये देणाऱ्या ‘पॅट’ योजनेचे पहिले चक्र पार पडले. सिमेंट, पोलाद, खते, कागद आदी आठ क्षेत्रांतील ४७८ आस्थापनांनी ठरलेल्या लक्ष्याहून अधिक, म्हणजे ८६ लाख टन खनिज तेलाइतकी ऊर्जा वाचविली. शिस्त लावली तर भारतीय उद्योग जगाच्या तोडीस तोड काम करतो, याचा हा पुरावाच होय. परंतु ही शिस्त मोठ्यांपुरती राहिली. ज्याच्याकडे ऊर्जा व्यवस्थापक नाही, मालक हाच अभियंता, हिशेबनीस आणि विक्रेता आहे, त्या लघुउद्योजकापर्यंत ती पोहोचली नाही.

लघुउद्योगाला हे जमणारच नाही, असा समज करून घेण्याचेही कारण नाही. हावडा येथील ओतकाम कारखान्यात १९९८ मध्ये ‘टेरी’ने दुहेरी झोताचा कुपोला उभा करून कोकची मोठी बचत सिद्ध केली. ताजमहालाच्या रक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दिलेल्या आदेशानंतर फिरोझाबादच्या काच कारागिरांपुढे अस्तित्वाचा प्रश्न उभा राहिला. तेथे धुराड्यातून वाया जाणारी उष्णता परत वापरणारी वायुभट्टी विकसित झाली. कोळशाच्या जुन्या भट्टीच्या तुलनेत तिला जवळपास निम्मी ऊर्जा पुरते. मूळ आराखड्यास स्वित्झर्लंडचे साहाय्य होते हे खरे. पण तिचा प्रसार केला तो स्थानिक गवंड्यांनी आणि लोहारकाम करणाऱ्यांनी. तंत्रज्ञान कोठूनही यावे. ते रुजते तेव्हाच, जेव्हा गावचा कारागीर ते आपल्या हाताने बांधू लागतो.

महाराष्ट्रातही हीच वाट धरावी लागेल. एकट्या कारखान्याला ऊर्जा लेखापरीक्षक परवडत नसेल, तर दहा कारखान्यांनी मिळून तो नेमावा. औद्योगिक संघटनांनी दरवाढीविरुद्धच्या निवेदनाइतक्याच तत्परतेने सभासदांचा टनामागील वीजवापर दरमहा गोळा करावा आणि उत्तम कारखान्याची पद्धत इतरांना दाखवावी. परिसरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांचे प्रकल्प कागदावर न ठेवता भट्टीपाशी न्यावेत. केंद्राने जुलै २०२५ मध्ये आरंभलेल्या १,००० कोटी रुपयांच्या योजनेत ऊर्जाबचतीच्या कर्जावर सूक्ष्म व लघु उद्योगांना व्याजात ५ टक्के आणि मध्यम उद्योगांना ३ टक्के सवलत आहे. तिचा लाभ शिरोलीच्या शेडपर्यंत पोहोचतो की बँकेच्या टेबलावर अडतो, याकडे संघटनांनी डोळ्यांत तेल घालून पाहिले पाहिजे. आणि भट्टीवरील कामगाराला या बचतीत वाटा मिळाला पाहिजे. कारण झाकण लावणारा हात त्याचा आहे.

कोळशावरील वीजकेंद्रात एक युनिट वीज निर्माण करताना सुमारे तीन युनिटांइतकी उष्णता खर्ची पडते. त्यामुळे कारखान्यात वाचलेले प्रत्येक युनिट खाणीतील कोळसा, रेल्वेची वाघीण आणि नदीचे पाणी एकाच वेळी वाचविते. नवे वीजकेंद्र उभारण्यास वर्षे लागतात. झाकण लावण्यास क्षण पुरतो. स्वस्त विजेची मागणी लघुउद्योजकाने अवश्य करावी. मात्र ती करण्यापूर्वी आपल्या भट्टीवरचे झाकण बंद आहे ना, हे त्याने एकदा पाहून घ्यावे. मग त्या मागणीला नैतिक बळही येईल आणि उद्योगाला दीर्घायुष्यही लाभेल.